मुलांना इनलाइन स्केटिंग शिकवताना: पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

वाढदिवसाला स्केट्स येतात, संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये मूल उभं केलं जातं आणि मग प्रश्न सुरू होतात. खरं तर त्यातले निम्मे प्रश्न खरेदीच्या आधी विचारायला हवेत. आमचा आग्रह आधीच सांगून टाकतो: मुलाला पडता आणि थांबता येईपर्यंत त्याला वेग देऊ नका. पुढची बहुतेक उत्तरं याच आग्रहातून आलेली आहेत.

कितव्या वर्षी सुरू करावं?

पाच-सहा वर्षांचं वय बहुतेक मुलांना मानवतं. पण वाढदिवस मोजण्यापेक्षा दोन गोष्टी बघा. मुलाला एका पायावर दोन-तीन सेकंद उभं राहता येतं का? आणि तुम्ही “थांब” म्हणालात की ते थांबतं का? दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. तोल सरावाने येतो, पण सांगितलेलं न ऐकणाऱ्या मुलाच्या पायाला चाकं लावली तर तुम्हाला फक्त त्याच्या मागे धावत राहावं लागतं.

तीन वर्षांच्या मुलांच्या मापाचेही स्केट्स बाजारात मिळतात. पण त्या वयात शरीराच्या मानाने डोकं जड असतं, पडताना हात वेळेवर पुढे येत नाहीत आणि सूचना लक्षात राहत नाहीत. घरात सतरंजीवर स्केट्स घालून चालू द्या, मजा करू द्या. त्याला शिकणं म्हणू नका.

आधी क्वाड शिकवावेत की थेट इनलाइन?

आपल्याकडे बरीच मुलं बुटांवर पट्ट्याने बांधायच्या चार चाकी, म्हणजे क्वाड, स्केट्सपासून सुरुवात करतात. क्लासमध्ये त्यांना ‘टेनासिटी’ म्हणतात. ते स्वस्त असतात, माप वाढवता येतं आणि दोन चाकं पुढे, दोन मागे असल्यामुळे उभं राहणं सोपं जातं. पण इनलाइनसाठी आधी क्वाड यायलाच हवेत असं काही नाही. इनलाइनमध्ये चाकं एका रांगेत असतात, त्यामुळे घोटा बाजूला झुकू नये म्हणून बूट घट्ट आणि उंच लागतो. तो बसत असेल तर पहिल्या दिवसापासून इनलाइन चालतात. उलट आज क्वाड आणि उद्या इनलाइन असं आलटून पालटून घातलं तर मूल गोंधळतं, कारण दोन्हींचे ब्रेक वेगळ्या जागी असतात. क्वाडच्या ब्रेकचं रबर बुटाच्या पुढच्या टोकाला असतं, इनलाइनचं टाचेमागे.

पाय वाढतायत, मग एक माप मोठं घेऊ का?

नको. वाढत्या अंगाचा शर्ट चालतो, वाढत्या अंगाचा स्केट चालत नाही. बूट सैल असला की घोटा आत पडतो, गुडघे एकमेकांकडे झुकतात आणि मूल चाकांच्या आतल्या कडेवर चालायला लागतं. बघणाऱ्याला वाटतं की मुलाला जमत नाही, पण चूक बुटाची असते.

माप बघायचं ते असं: नडगीपर्यंत येणारे मोजे घालून पाय आत सरकवायचा, टाच जमिनीवर आपटून मागे बसवायची आणि मग बकल लावायचं. सरळ उभं राहिल्यावर अंगठा पुढे हलका टेकला पाहिजे आणि गुडघे वाकवल्यावर किंचित मागे सरकला पाहिजे. आतल्या आत टाच वर उचलली जात असेल तर तो बूट परत करा. वाढत्या पायांसाठी माप मागेपुढे करता येणारे स्केट्स मिळतात. बटण दाबून किंवा स्क्रू फिरवून ते लांब होतात आणि दोन-तीन वर्षं सहज पुरतात. लांबी बदलल्यावर बटण पक्कं अडकलंय ना, हे प्रत्येक वेळी हाताने ओढून बघा.

दुकानात काय बघू? एबेक, मिलिमीटर वगैरे काही कळत नाही.

कळायची फारशी गरजही नाही. एबेक हा बेअरिंग किती अचूक बनवलंय याचा दर्जा आहे: १, ३, ५, ७, ९. त्यावरून मुलाचा वेग ठरत नाही. शिकाऊ मुलाला एबेक ९ चा काडीचा उपयोग नाही.

चाकांकडे मात्र नीट बघा. पॉलियुरेथेनची चाकं जमीन धरतात; कडक प्लास्टिकची चाकं गुळगुळीत फरशीवर घसरतात आणि खडबडीत काँक्रीटवर पाय झिणझिणवतात. कडकपणाचा आकडा चाकावरच छापलेला असतो, ८०ए, ८२ए असा. लहान मुलाला ६४ ते ७६ मिमीची चाकं पुरतात. चाक जितकं मोठं, तितकं मूल जमिनीपासून उंच आणि वेगही जास्त. शर्यतीचे स्केटर १०० किंवा ११० मिमीची चाकं वापरतात म्हणून आठ वर्षांच्या मुलाला ती घेऊन देणं म्हणजे हौसेला मोल नाही, इतकंच. रात्री चमकणाऱ्या चाकांबद्दल आमची काही तक्रार नाही. मुलांना ती आवडतात.

आणि दुकानदार “ब्रेकची गरज नसते, काढून देतो” म्हणाला तर नको म्हणा.

स्कूटरवर बसताना वापरतो तेच हेल्मेट चालेल का?

नाही. दुचाकीचं आयएसआय मार्कचं हेल्मेट वेगळ्या अपघातासाठी बनवलेलं असतं. मुलाच्या मानेला ते जड होतं, आत घाम साचतो आणि कान झाकले गेल्यामुळे मागून काय येतंय ते कळत नाही. क्रिकेटचं हेल्मेट तर मुळात चेंडूसाठीच असतं. सायकल आणि स्केटिंगसाठीचं हेल्मेट घ्या. आतल्या लेबलवर ईएन १०७८ हे युरोपीय किंवा सीपीएससी हे अमेरिकी मानक लिहिलेलं असतं. खेळण्यांच्या दुकानात सेटबरोबर मिळणारी पातळ, आत नुसता स्पंज असलेली टोपी हेल्मेटसारखी दिसते, पण ती हेल्मेट नव्हे.

हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटं बसावं. कपाळ उघडं टाकून मागे सरकवलेलं हेल्मेट फोटोत छान दिसतं, पण पुढे पडल्यावर त्याचा उपयोग नसतो. पट्टे कानाखाली जुळावेत आणि हनुवटीखाली एकच बोट शिरावं. मुलींचे केस उंच बांधले तर हेल्मेट बसत नाही. वेणी किंवा खाली मानेवर पोनी घाला. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी बदला, कारण आतलं थर्माकोलसारखं कवच चेपून धक्का घेतं आणि एकदा चेपलं की पुन्हा फुगत नाही.

गुडघ्याचे पॅड आणलेत. मनगटाचे खरंच लागतात का?

एखादी गोष्ट वगळावीच लागली तर मनगटाची वगळू नका. पडताना माणूस हात टेकतो, मुलं तर हमखास टेकतात, आणि सगळा भार मनगटावर येतो. १९९६ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इनलाइन स्केटिंगच्या दुखापतींसाठी तातडीच्या विभागात आलेल्यांची पाहणी केली होती. त्यातल्या जवळपास एक तृतीयांश दुखापती मनगटाच्या होत्या, आणि रिस्ट गार्ड न घालणाऱ्यांना मनगटाच्या दुखापतीचा धोका घालणाऱ्यांच्या सुमारे दहा पट निघाला. कोपराच्या पॅडचंही चित्र साधारण तसंच होतं.

रिस्ट गार्डमध्ये तळहाताच्या बाजूला कडक प्लास्टिकची पट्टी असते. तिच्यामुळे हात जमिनीवर अडकत नाही, घसरतो, आणि धक्का वाटला जातो. नुसते कापडी हातमोजे हे काम करत नाहीत.

घालायचा क्रमही सांगून ठेवतो, कारण रोज संध्याकाळी याच्यावरून चिडचिड होते. आधी गुडघ्याचे पॅड, मग स्केट्स, मग कोपराचे पॅड, मग हेल्मेट आणि सगळ्यात शेवटी रिस्ट गार्ड. ते आधी घातले तर बकल लावता येत नाही. सगळं बसून घालायचं आणि हेल्मेट लावल्याशिवाय उभं राहायचं नाही.

शिकवायला जागा कुठली चांगली?

गुळगुळीत, सपाट, कोरडी आणि गाड्या नसलेली. हे चारही एकत्र मिळणं शहरात अवघड आहे, म्हणून तडजोड कुठे करायची ते बघू.

रिंक असेल तर उत्तमच. नाहीतर शाळेचं बास्केटबॉल कोर्ट सकाळी रिकामं असतं. मुख्याध्यापकांना विचारायला काय हरकत आहे? सोसायटीतलं नितळ काँक्रीट चालतं. पेव्हर ब्लॉक नकोत: प्रत्येक फटीत चाक अडतं आणि शिकाऊ मूल तोंडावर पडतं. पॉलिश केलेली कोटा फरशी कोरडी असताना बरी, पण पाण्याचा एक थेंब सांडला की घातक. क्लबहाऊसमधल्या चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स तर कोरड्या असतानाही नकोत. डांबरी रस्ता नवा असला तरी त्यावर बारीक खडी सुटलेली असते, आणि एवढासा खडाही चाक जागच्या जागी थांबवतो. चाक थांबतं, मूल नाही.

सुरू करण्यापूर्वी एक फेरी पायी मारा, केरसुणी घेऊन मारली तर आणखी बरं. ड्रेनेजच्या जाळ्या, स्पीडब्रेकर, गाडीतून सांडलेलं ऑइल, नळीने गाड्या धुतल्यावर साचलेलं पाणी, गणपतीनंतर मांडवाच्या जागी राहिलेले खिळे आणि सुतळीचे तुकडे, दिवाळीत फटाक्यांचा कचरा. हे सगळं मुलाच्या आधी तुमच्या डोळ्यांना दिसलं पाहिजे. सोसायटीतल्या भटक्या कुत्र्यांना स्केट्सचा आवाज अजिबात आवडत नाही आणि ती मागे लागतात. तिथे मुलाने पळायचं नाही, थांबायचं आणि मोठ्यांना हाक मारायची, हे आधी सांगून ठेवा.

बेसमेंटचा रॅम्प आणि रहदारीचा रस्ता या दोन जागांना सरळ नाही म्हणा. पहाटे रिकामा दिसणारा रस्तासुद्धा.

पहिल्या दिवशी नक्की काय करायचं?

चाकं न फिरवता सुरुवात करा. हिरवळीवर किंवा जाड सतरंजीवर चाकं जवळपास फिरत नाहीत. तिथे मुलाला उभं करा, चालवा, वाकवा, खाली बसवून उठवा. टाचा जवळ, चवडे बाहेर, बदकासारखं पाऊल टाकत चालायचं. गुडघे इतके वाकलेले हवेत की मुलाने खाली बघितलं तर पायाची बोटं गुडघ्यांआड जातील. हात पुढे, नजर समोर.

मोठ्यांना वाटतं ताठ उभं राहिलं की तोल सांभाळला जातो. स्केट्सवर नेमकं उलटं होतं. ताठ झालं की वजन टाचेवर जातं, चाकं पुढे पळतात आणि मूल मागे पडतं. मागे पडणं सगळ्यात वाईट, कारण डोक्याचा मागचा भाग आणि माकडहाड दोन्ही आपटतात. म्हणून मुलाला एकच मंत्र द्या: भीती वाटली की गुडघे पकड. हात गुडघ्यांवर गेले की पाठ आपोआप पुढे वाकते आणि वजन मधोमध येतं. ही युक्ती इतकी साधी आहे की पालकांना ती कमी वाटते. पण डगमगणाऱ्या मुलाला लांबलचक सूचना ऐकू येत नाही, दोन शब्द ऐकू येतात.

हे सगळं वीस-तीस मिनिटांत आटपा. पाय थकले की मूल पडतं, आणि “अजून एक फेरी” ही सहसा पडण्याची फेरी असते.

पडायला शिकवायचं म्हणजे मुद्दाम पाडायचं?

पाडायचं नाही, खाली जायला शिकवायचं. तोल जातोय असं वाटलं की आधी खाली बसल्यासारखं वाकायचं, म्हणजे पडण्याची उंची कमी होते. मग पुढे झुकत गुडघ्यांचे पॅड टेकवायचे, मग कोपरं, मग तळहात. हाताची बोटं वर उचललेली असावीत, म्हणजे रिस्ट गार्डची पट्टी घासत जाते आणि बोटं चिरडत नाहीत. गवतावर हे पुन्हा पुन्हा करून घ्या. पाच-सात वर्षांच्या मुलांना हा भाग सगळ्यात जास्त आवडतो, त्यामुळे आग्रह करावा लागत नाही.

उठणंही शिकवावं लागतं. दोन्ही गुडघ्यांवर या, एक पाय पुढे रोवा, दोन्ही हात त्या गुडघ्यावर ठेवा आणि रेटून उभे राहा. प्रत्येक वेळी काखेत हात घालून उचललंत तर मूल उठायला शिकणार नाही आणि तुमची कंबर मात्र धरेल.

ब्रेक कसा लावायचा? आमचा मुलगा भिंतीला जाऊनच थांबतो.

बहुतेक मुलं असंच थांबतात, कारण त्यांना पळायला आधी शिकवलेलं असतं.

इनलाइनच्या एका बुटाच्या, सहसा उजव्या बुटाच्या, टाचेमागे रबराचा ब्रेक असतो. सरळ घरंगळत असताना दोन्ही गुडघे वाकवायचे, ब्रेकचा पाय एक पाऊलभर पुढे सरकवायचा, त्याचा चवडा उचलायचा आणि खुर्चीत बसल्यासारखं वजन खाली द्यायचं. मुलं पाय पुढे न नेता नुसता चवडा उचलतात आणि मागे झुकतात. मग ब्रेक लागायच्या आधीच पडतात. हा सराव आधी भिंतीला धरून, जागच्या जागी करून घ्या. मूल डावखुरं असेल तर बऱ्याच स्केट्सवर ब्रेक डाव्या बुटाला बदलून लावता येतो.

लहान, हलक्या मुलांना टाचेच्या ब्रेकवर पुरेसा भार देता येत नाही. त्यांना पाय फाकवून चवडे आत वळवणं लवकर जमतं. पाय बाहेर रेटत ठेवायचे, वेग हळूहळू मरतो. मागचा पाय आडवा घासून थांबण्याची टी-स्टॉपची पद्धत नंतरची. एका पायावर पक्का तोल आल्याशिवाय शिकवली तर मूल गिरकी घेतं, शिवाय चाकांची आतली कड झिजते.

मग खडूने एक रेघ मारा आणि रेघेच्या आत थांबण्याचा खेळ लावा. रेघ रोज थोडी जवळ आणा. थांबता येण्याच्या बाबतीत मुलाचा शब्द पुरावा धरू नका, रेघ धरा. उतार, वळणं आणि मोठ्या मुलांबरोबरच्या शर्यती त्यानंतर.

हात धरून चालवू का?

धरू द्या, पण धरू नका. म्हणजे तुमचा हात आडवा, मुलाच्या कमरेच्या उंचीवर, आणि मूल तो पकडणार. तुम्ही वरून त्याचा पंजा धरून ओढलंत तर खांदा वर जातो, शरीर ताठ होतं आणि ते पडलं तर मनगट किंवा कोपर खेचलं जातं. मागून ढकलणं तर नकोच. बहीण-भावांना ही सवय असते, त्यांना आधीच दम द्या.

तुम्ही स्वतः स्केट्सवर नवे असाल तर मुलाला शिकवताना बूटच घाला. दोघं एकमेकांचा हात धरून पडलात तर मोठं माणूस लहानावर पडतं.

क्लास निवडताना काय विचारावं?

फी सगळ्यात शेवटी विचारा. आधी बाहेर उभं राहून एक तास बघा. हेल्मेट नसलेल्या मुलाला आत सोडतात का? नवशिके आणि वेगाने पळणारे एकाच ट्रॅकवर मिसळतात का? प्रशिक्षक मोबाइलवर आहेत की मुलांकडे बघतायत? सगळी मुलं एकाच दिशेने, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या उलट, फिरतात का? शर्यतीची दिशा तीच असते, आणि एकानेही उलटी फेरी मारली की टक्कर ठरलेली.

काही महिन्यांतच “आता कार्बनचा बूट आणि मोठी चाकं घ्या” असा आग्रह झाला तर घाई करू नका. शर्यतीचे बूट घोट्याखाली संपतात आणि त्यांना ब्रेक नसतो. ज्या मुलाला ते लागतात त्याच्या पालकांना आपोआप कळतं.

शर्यतीकडे जायचंच असेल तर वाट आहे. हांगझोऊच्या आशियाई खेळांत २ ऑक्टोबर २०२३ रोजी भारताने ३००० मीटर रिलेत महिला आणि पुरुष दोन्ही गटांत कांस्यपदक मिळवलं. पुरुष संघात आर्यनपाल सिंग घुमन, आनंदकुमार वेलकुमार, सिद्धांत कांबळे आणि विक्रम इंगळे होते. वेलकुमारने पुढे २०२५ मध्ये चीनमधल्या जागतिक स्पर्धेत १००० मीटरचं सुवर्णही जिंकलं.

गाड्यांखालून जाणारी मुलं बघितली. आमच्या मुलीला विक्रम करायला लावावा का?

लिंबो स्केटिंगमध्ये मूल पाय पूर्ण फाकवून, छाती जमिनीला समांतर करून गाड्यांच्या रांगेखालून जातं. लवचीकतेचं कौतुक आहेच. पण तिथे डोकं वर उचलण्याची सोय नसते आणि मध्येच थांबता येत नाही. हायवेवर रात्रभर स्केटिंग करवून केलेले विक्रमही तसलेच. सहा वर्षांचं मूल स्वतःहून तसलं प्रमाणपत्र मागत नाही. आमचं उत्तर: नको.

पडून लागलं तर?

खरचटलं तर वाहत्या पाण्याने धुवा, रेती काढा, स्वच्छ पट्टी लावा. हळद, कॉफी, टूथपेस्ट भरू नका. डॉक्टरांना ती आधी खरवडून काढावी लागते. धनुर्वाताच्या लशी वेळापत्रकाप्रमाणे झाल्यात का ते कार्डवर बघा. पाच-सहा वर्षांचा आणि दहा वर्षांचा डोस बऱ्याचदा राहून गेलेला असतो.

मनगट सुजलं, वाकडं दिसलं किंवा मूल हात वापरेना तर हलवू नका. कापडात गुंडाळलेला बर्फ लावा, पुठ्ठ्याचा आधार देऊन हात गळ्यात अडकवा आणि एक्स-रे काढा. मालिश करायची नाही, ओढून बसवायचं नाही. मुलांच्या हाडाच्या टोकाशी वाढीचा नाजूक थर असतो. तिथली दुखापत वेळेत दिसली नाही तर हाड वाकडं वाढू शकतं.

डोक्याला लागल्यावर उलटी झाली, मूल गुंगीत गेलं, विचित्र बोलायला लागलं, डोकेदुखी वाढत गेली किंवा क्षणभरही शुद्ध हरपली तर सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा किंवा थेट हॉस्पिटल गाठा. मान दुखते म्हणालं तर हेल्मेट काढायची घाई करू नका.

पावसाळ्यात काय? आणि तेल कुठलं घालायचं?

ओल्या जमिनीवर स्केटिंग बंद. चार महिने घरात सतरंजीवर तोल, एका पायावर उभं राहणं आणि उठाबशा चालू ठेवल्या तर दसऱ्याला पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही.

प्रत्येक चाकात दोन बेअरिंग असतात, म्हणजे आठ चाकांच्या जोडीत सोळा. पाणी गेलं की ती गंजतात, म्हणून स्केट्स नळाखाली धुवायचे नाहीत, ओल्या फडक्याने पुसायचे. बेअरिंग साफ करून शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब पुरतो. खोबरेल तेल घालू नका. थंडीत ते गोठतं आणि उरलेले महिने धूळ धरून बसतं. चाकांची आतली कड आधी झिजते, म्हणून अधूनमधून ॲलन कीने चाकं काढून उलटी लावा आणि डाव्या-उजव्या बुटांत अदलाबदल करा. नट पक्के आवळलेत ना, हे महिन्यातून एकदा बघा. ब्रेकचं रबर वेगळं विकत मिळतं. त्यावर झिजेची खूण असते, तिथपर्यंत आलं की बदला.

शेजारच्या मुलाचे जुने स्केट्स घेतले तर चालतील का?

खुशाल घ्या. बकल दहा वेळा उघडून लावून बघा, बुटाच्या कवचाला घोट्याजवळ चीर गेली नाही ना ते उजेडात तपासा, फ्रेमचे स्क्रू हलत नाहीत ना बघा. चाकं आणि ब्रेक झिजलेले असतील तर नवे बसवता येतात. आतलं मऊ लायनिंग मात्र आधीच्या पायाचा आकार घेऊन बसलेलं असतं. तुमच्या मुलाला ते कुठे टोचत असेल तर जोडी परत करा. हेल्मेट जुनं घेऊ नका. ते याआधी कधी आपटलंय का, हे देणाऱ्यालाही आठवत नसतं.